गिधाडं गेली ती आमच्या बॅगेतल्या बाटलीमुळे

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी मेलेली ढोरं टाकायची जागा होती. मी लहान असताना तिथे शंभर-शंभर गिधाडं उतरायची. माझा मुलगा आता दहा वर्षांचा आहे, त्याने एकही पाहिलेलं नाही. कुणी म्हणतं मोबाईल टॉवरमुळे गेली, कुणी म्हणतं खायला मिळेना म्हणून, कुणी म्हणतं लोकांनी विष घातलं. खरं काय? ती परत येतील का? आणि माझ्यासारख्या चार गाई पाळणाऱ्याने यात काय करायचं?'

गिधाडं डायक्लोफेनॅकने मेली. जनावराचा ताप आणि सूज उतरवायला आम्ही जे इंजेक्शन देत होतो, त्यानेच. मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, त्र्यंबक-पेठच्या बाजूला, तीस वर्षांहून जास्त काळ गुरांची डॉक्टरकी करतो आहे. ते इंजेक्शन मी स्वतः किती जनावरांना टोचलं याचा हिशोब माझ्याकडे नाही, पण हजारांच्या घरात नक्की असेल. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल आणि त्यात माझाही भाग येईल.

तुम्ही म्हणता ती ओढ्याकाठची जागा आमच्याकडच्या प्रत्येक गावाला होती. बैल मेला की मालक निरोप धाडायचा. चामडं काढणारी माणसं यायची, कातडं सोलून न्यायची आणि मढं तिथेच राहायचं. पहिले कावळे. ते डोळ्यांपासून सुरुवात करत. गिधाडं सकाळी नऊ-दहाच्या आत येत नसत, कारण जमीन तापून गरम हवा वर चढायला लागल्याशिवाय त्या जड पक्ष्याला घिरट्या घालता येत नाहीत. मग एक ठिपका दिसायचा. तो खाली झुकला की कोसावर घिरट्या घालणारा दुसरा त्याला बघायचा, दुसऱ्याला तिसरा, आणि अर्ध्या तासात आभाळातून पायऱ्या उतरत यावीत तशी ती रांगेने उतरायची. पंखांचा आवाज ताडपत्री झटकल्यासारखा. पोटाची बाजू फाडायची, बोडकी मान आत घालायची, आणि दीड-दोन तासांत बैलाचा पांढरा सांगाडा. माशी बसायला ओलं काही उरत नसे. पुढे हाडं वेचणारे येत, गोणीत भरून हाडांच्या कारखान्याला विकत. एका मेलेल्या बैलावर इतक्यांचं चाले, आणि गावाला वास म्हणून येत नसे.

आपल्या भाषेने या पक्ष्यावर मोठा अन्याय केला आहे. 'गिधाडासारखा टपून बसलाय', 'लचके तोडतात मेले', असं आपण वाईट माणसाबद्दल बोलतो. गिधाड जिवंत जनावराच्या वाटेला सहसा जात नाही. आमच्या इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे, रावणाशी लढून जटायू पडला ती जागा म्हणून लोक तिथे जातात, हात जोडतात. त्याच भागातल्या कड्यांवरून जटायूचं कूळ कधी कमी झालं हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते राजस्थानात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांच्या घरट्यांची मोजदाद करत होते. नव्वदच्या दशकात त्यांना दिसलं की झाडं तीच आहेत पण घरटी रिकामी होत चालली आहेत, आणि जी गिधाडं आहेत ती मान खाली टाकून फांदीवर तासन् तास बसून राहतात आणि मग पडतात. मग देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटली. जगात एखादा पक्षी इतक्या वेगाने नाहीसा झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि हा काही एखाद्या बेटावरचा दुर्मिळ पक्षी नव्हता, दिल्ली-मुंबईच्या उकिरड्यांवर बसणारा होता.

आता माझा भाग. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. वनखात्याच्या एका वनरक्षकाला कड्याखाली मेलेलं गिधाड सापडलं. तालुक्याला पाठवण्याआधी 'डॉक्टर, बघा तरी कशाने मेलं' म्हणून त्याने मला बोलावलं. जखम नाही, गोळी नाही, पोटात थोडं मांस, पक्षी चांगला भरलेला. छाती उघडली आणि मी थबकलो. यकृतावर, हृदयाच्या आवरणावर पांढरा थर, खडूची भुकटी भुरभुरावी तसा. मूत्रपिंडं सुजलेली, त्यांच्यातही तेच पांढरं. हे मी आधी पाहिलेलं होतं, ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये. त्याला आम्ही गाऊट म्हणतो. मूत्रपिंड निकामी झालं की युरिक अ‍ॅसिड रक्तातून बाहेर पडत नाही, मग त्याचे कण आतल्या अवयवांवर साचतात. कोंबड्यांत पाणी कमी पडलं, खाद्यात गडबड झाली की असं होतं. मी वहीत 'गाऊट' लिहिलं, उन्हाळा होता म्हणून पुढे 'पाण्याची कमतरता?' असं लिहिलं आणि हात धुतले. परत येताना वाटेत एका वस्तीवर गाईला दगडी झाली होती, कास लाल आणि कडक. तिला मी डायक्लोफेनॅक दिलं. तेच कारण आहे हे मला त्या दिवशी कळायला काही मार्गच नव्हता, हे मला समजतं. तरी ती वही मी अजून ठेवली आहे.

कारण सापडलं ते पाकिस्तानात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यक शास्त्रज्ञाच्या चमूने तिथे मेलेली गिधाडं तपासली. आधी सगळ्यांना वाटत होतं की एखादा विषाणू असेल. जंतू, शिसं, कीटकनाशकं, सगळं तपासून झालं. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: गिधाड खातं काय? पाळीव जनावरं. आणि त्या जनावरांना माणसं देतात काय? गाऊट झालेल्या प्रत्येक गिधाडात डायक्लोफेनॅक सापडलं, दुसऱ्या कारणाने मेलेल्यांत नाही. २००३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि जानेवारी २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. औषध पोटात गेलं की दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो.

तुम्हाला वाटेल, सगळ्याच मेलेल्या जनावरांना काही मरण्याआधी इंजेक्शन दिलेलं नसतं. बरोबर, नसतंच. पण हिशोब करून बघा. गिधाड तीन दिवसांतून एकदा पोटभर खातं असं धरलं तरी वर्षाला सव्वाशे जेवणं झाली, आणि दर वेळी वेगळं मढं. त्यांतलं एक विषारी निघालं तरी पुरे, आणि त्या एकावर ते एकटं नसतं, पन्नास-साठ असतात. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा निघालं की शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत मारक प्रमाणात औषध असलं तरी एवढी घट होण्यास पुरेसं आहे. आणि आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास नमुने घेतले तेव्हा शंभरातल्या साधारण दहा मढ्यांत डायक्लोफेनॅकचा अंश मिळाला.

शिवाय कोणत्या जनावराला हे इंजेक्शन मिळतं? जे मरायला टेकलंय त्यालाच. रात्री अकराला माणूस दारात उभा राहतो, 'डॉक्टर, उठत नाही, जोराचं काहीतरी द्या.' फऱ्या असो, घटसर्प असो, अडलेली गाय असो, तिचं दुखणं तरी कमी व्हावं म्हणून ते द्यायचंच. स्वस्त होतं आणि तासाभरात फरक दिसायचा. तिव्याने, म्हणजे तीन दिवसांच्या तापाने, आखडलेला बैल संध्याकाळी उभा राहायचा. गाय वाचली तर औषध दोन-तीन दिवसांत शरीरातून निघून जायचं. पहाटे गेली, तर ते यकृतात आणि मूत्रपिंडात तसंच राहायचं आणि सकाळी ती ओढ्याकाठी जायची. आमच्या हातून वाईट हेतूने काही झालं नाही. मुक्या जनावराला आराम पडावा म्हणूनच झालं. हे लिहितानाही मला त्रास होतो, पण असंच झालं आहे.

टॉवरचं म्हणाल तर तारखा बघा. आपल्याकडे मोबाईल सुरू झाला १९९५ मध्ये, तोही मोठ्या शहरांत. आमच्या खेड्यांत टॉवर आले त्याच्या कितीतरी नंतर, तेव्हा गिधाडं जवळपास संपली होती. उपासमारीचं म्हणाल तर त्या काळात जनावरं मरायची थांबली नव्हती, उलट गिधाडं नव्हती म्हणून मढी पडून राहायला लागली. कोकणात आज अन्नाची टंचाई खरी आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. विष घालणं हे मात्र आजही चालू असलेलं कारण आहे, त्याकडेही येतो.

'मग कावळे का नाही मेले, कुत्री का नाही मेली?' हा प्रश्न मला दर सभेत विचारला जातो, आणि तो चांगला प्रश्न आहे. हे औषध कुणाच्या शरीरात किती वेळ टिकतं आणि मूत्रपिंडावर काय परिणाम करतं हे जातीजातीनुसार बदलतं. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर नावाच्या गिधाडाला आपल्या गिधाडांच्या मारक मात्रेच्या शंभरपटीहून जास्त औषध देऊन पाहिलं, त्याला काही झालं नाही. आपली पांढऱ्या पुठ्ठ्याची, लांब चोचीची, बारीक चोचीची आणि त्यांचे भाऊबंद यांना मात्र ते अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही. भारतात गिधाडांच्या नऊ जाती आहेत आणि सगळ्यांची अवस्था सारखी नाही, पण ज्यांचे थवे तुम्ही ओढ्यावर पाहिलेत ते याच कुळातले.

२००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करायचं ठरवलं आणि २००८ मध्ये राजपत्रात तशी अधिसूचना निघाली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६ मध्येच बंदी घातली. माझ्या बॅगेतून ते २००६ ला गेलं असं मी म्हणू शकत नाही. जनावरांची बाटली दुकानातून गेली, पण माणसांसाठीची ३० मिलीची बाटली शेजारच्याच औषधाच्या दुकानात मिळत होती. औषध तेच, भाव परवडणारा. गाईला पंधरा मिलीच्या आसपास लागायचं, म्हणजे एका बाटलीत दोन गाई. आमच्या धंद्यातल्या कितीतरी जणांनी ती वापरली आणि सुरुवातीची काही वर्षं मीही वापरली. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक आलं होतं, गिधाडांना ते सुरक्षित असल्याचं २००६ मध्ये सिद्ध झालं होतं, पण ते महाग पडायचं आणि 'याने लवकर उतरत नाही' असा समज होता. समज चुकीचा होता. मी पूर्णपणे त्यावर आलो तेव्हा माझी एकही गाय त्यामुळे जास्त दुखण्यात राहिली नाही.

२०१५ मध्ये सरकारने माणसांचं डायक्लोफेनॅकही ३ मिलीच्या एकेरी मात्रेतच विकायचा नियम केला. या एका नियमाने जे झालं ते दहा परिपत्रकांनी झालं नसतं. रात्री बॅटरीच्या उजेडात, शेणात गुडघे टेकून, एका गाईसाठी पाच-पाच काचेच्या कुप्या कोण फोडत बसणार? माणसाला चुकीचं काम करणं गैरसोयीचं केलं की तो ते सोडतो, हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं.

पण डायक्लोफेनॅक गेल्यावर त्याची भावंडं आली. अ‍ॅसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफेनॅक होतं, म्हणजे ते देणं आणि हे देणं एकच. किटोप्रोफेनही गिधाडाला मारतं. या दोन्हींवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली, आणि त्यानंतर निमसुलाइडवरही. फ्लुनिक्सिनमुळे मेलेलं गिधाड स्पेनमध्ये सापडलं आहे, मी ते वापरत नाही. सुरक्षित ठरलेली दोन नावं लक्षात ठेवा: मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनामिक अ‍ॅसिड. माझी तक्रार अशी आहे की आपण प्रत्येक औषध आधी बाजारात आणतो, पंधरा-वीस वर्षं पक्षी मरू देतो आणि मग बंदी घालतो. जनावराचं नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधीच ते गिधाडांवर सुरक्षित आहे का हे तपासायला हवं. हे कायद्याने बंधनकारक व्हावं असं मला मनापासून वाटतं.

गिधाडं गेल्यावर आपलं काय गेलं, हे तुमच्या ओढ्याकाठी संध्याकाळी गेलात तर दिसेल. मढ्याभोवती दहा-पंधरा कुत्री असतात. त्यांना बैल संपवायला आठवडा लागतो, अर्धं सडतं, ओढ्यात उतरतं. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. कुत्र्याचं तसं नाही, शिवाय कुत्रं परत गावात येतं. कुत्री वाढली म्हणजे चावे वाढले, रेबीज वाढला. आमच्या भागात आणखी एक गोष्ट होते, ढोरटाकीवरच्या कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो आणि मग तो वस्तीपर्यंत पोहोचतो. हे मी पुराव्याने नाही, अनुभवाने सांगतो.

पुराव्याने सांगायचं तर २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा अभ्यास आला. ज्या जिल्ह्यांत आधी गिधाडं भरपूर होती आणि ज्यांत फारशी नव्हतीच, त्यांची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेलेल्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं जास्त मेली असा त्यांचा अंदाज आहे. मी हा आकडा वाचला तेव्हा आमच्या आश्रमशाळेजवळ कुत्रं चावून गेलेला एक मुलगा आठवला. त्याच्या मृत्यूचा माझ्या बॅगेशी संबंध होता की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाने शेकडो वर्षं आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन केले. गिधाडं संपल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. एका समाजाचा अंत्यसंस्कार आमच्या एका इंजेक्शनने अडला.

ती परत येतील का? येतील, पण तुमच्या-माझ्या घाईने नाही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी पाळीपाळीने पन्नासेक दिवस ते उबवतात, पिल्लू आणखी तीन-चार महिने घरट्यात असतं, आणि ते स्वतः वीण करण्याइतकं मोठं व्हायला पाचेक वर्षं जातात. त्यातलीही बरीच पिल्लं जगत नाहीत. २०१५ च्या सुमाराची देशभरातली मोजणी पाहिली तर पांढऱ्या पुठ्ठ्याची सहा हजारांच्या आसपास आणि लांब चोचीची बारा हजारांच्या आसपास उरली होती. घसरण बरीच मंदावली, ही त्यातली चांगली बातमी. भर पडायला दशकं जातील.

हरियाणात पिंजोरला २००१ पासून गिधाडांचं केंद्र आहे. तिथे ती पिंजऱ्यात वाढवली जातात. जानेवारी २०२४ मध्ये तिथून वीस गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यात सरावली, मग पाठीवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र बांधून सोडली. त्यांतलं ताडोबातलं एक फिरत फिरत थेट तामिळनाडूपर्यंत पोहोचलं. बातमी वाचून लोकांना कौतुक वाटलं, मला आधी धास्ती वाटली. वाटेत त्याने किती राज्यांतल्या किती मढ्यांवर तोंड घातलं असेल, आणि त्या गावांतल्या डॉक्टरांच्या बॅगेत काय असेल? म्हणूनच गिधाडांसाठी सुरक्षित पट्टा आखताना शंभर किलोमीटरच्या त्रिज्येचा आखतात. अभयारण्याला कुंपण घालून वाघ थोडाफार राखता येतो, गिधाड येत नाही.

माणसांनी मनावर घेतलं तर काय होतं याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण नेपाळचं आहे. नवलपरासी जिल्ह्यात पिठौली गावच्या लोकांनी म्हाताऱ्या, भाकड गाई सांभाळायला घेतल्या. त्या आपल्या मरणाने जाईपर्यंत त्यांना चारा-पाणी, औषध लागलंच तर सुरक्षित तेच, आणि मेल्यावर मढं ठरलेल्या मोकळ्या जागी. गाय मारायची नाही, गिधाड उपाशी ठेवायचं नाही. लोक त्याला जटायू रेस्टॉरंट म्हणतात. नेपाळमधली घसरण थांबली आणि संख्या हळूहळू वाढू लागली आहे.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची झाडं राखली. कोकणात माणसं शहरात गेली, गुरं कमी झाली, मढीच मिळेनात, म्हणून एका संस्थेचे कार्यकर्ते आणि वनखातं लांबून मेलेलं जनावर आणून घालतात. मेलेला बैल टेम्पोत चढवून पावसात डोंगरावर नेणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आमच्याकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावाने मिळून गिधाडांसाठी कुंपण घातलेली जागा केली, तिथे आसपासची मेलेली डांगी जातीची जनावरं नेतात. गडचिरोलीतही अशा जागा केल्या गेल्या.

आता तुमच्या चार गाई. पहिलं म्हणजे डॉक्टर आला की बाटली हातात घेऊन नाव वाचा. कंपनीचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं ते वाचा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, निमसुलाइड यांपैकी काही असेल तर 'डॉक्टर, मेलॉक्सिकॅम द्या' एवढं म्हणा. आम्हा डॉक्टर लोकांना कायद्याचा धाक असतोच, पण त्याहून जास्त मालकाच्या शब्दाचा असतो. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला बाटली दाखवायला लावली होती, अक्षरओळख नसताना नातवाकडून वाचून घेतली. त्या दिवसापासून मी स्वतःहून दाखवतो. औषधाच्या दुकानातून स्वतः इंजेक्शन आणून टोचायचं हे मात्र बंद करा, चूक तिथूनच जास्त होते.

दुसरं, गोठ्यातल्या कॅलेंडरवर इंजेक्शनची तारीख आणि नाव लिहा. जनावर दगावलं आणि आधीच्या आठवड्यात कोणतं वेदनाशामक गेलंय याची खात्री नसेल तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा. काळपुळीचा संशय असेल, म्हणजे अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर त्याला सुरीही लावू नका. आधी दवाखान्याला कळवा, खोल खड्डा, चुना, आणि पुरणं. २०२२ च्या लम्पीत पुरण्याची सवय बऱ्याच गावांनी लावून घेतली ती चांगलीच आहे. पण म्हातारपणाने, औषधाविना मेलेला बैलही आता आपण पुरतो, आणि कड्यावरचं गिधाड उपाशी राहतं. तुमच्या भागात गिधाडं उरली असतील तर तेवढं जनावर वनखात्याला विचारून ठरलेल्या जागी न्या. विजेच्या तारांपासून, रस्त्यापासून आणि रुळांपासून लांब, आणि आजूबाजूला उंच झाडं किंवा कडा असेल अशी जागा निवडा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. बिबट्याने किंवा कुत्र्याने वासरू मारलं की रागाच्या भरात त्या मढ्यावर शेतातलं कीटकनाशक ओततात. मला तो राग कळतो, त्या घराचं वासरू गेलेलं असतं. पण बिबट्या परत येईलच असं नाही, गिधाडं मात्र येतात, आणि एका दुपारी सगळा थवा जातो. वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या पक्ष्याचा थवा. तो गुन्हा आहे हे सांगाच, पण त्याआधी त्या घराला नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मदत करा. वासराचे पैसे वेळेत मिळाले तर बाटली कपाटातच राहते.

तुमच्या गावाजवळ गिधाडं अजून आहेत का हे तपासायचं असेल तर आभाळाकडे बघत बसू नका, कड्याकडे बघा. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या खोबणीत घरटं करतं आणि वर्षानुवर्षं तीच जागा वापरतं, त्यामुळे खाली काळ्या पाषाणावर विष्ठेचे चुन्यासारखे पांढरे ओघळ उमटतात. ते दोन-तीन किलोमीटरवरूनही दिसतात. डिसेंबर ते मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन चढल्यावर, मुलाला घेऊन जा. दुर्बीण असेल तर उत्तम. कड्याच्या जवळ जाऊ नका, माथ्यावरून दगड टाकू नका, ड्रोन तर मुळीच नको, पक्षी अंडं सोडून उठतो. ओघळ ताजे, ओलसर पांढरे असतील तर वनरक्षकाला कळवा आणि तुमच्या गुरांच्या डॉक्टरलाही सांगा. आमच्या बाजूच्या एका कड्यावर गेल्या फेब्रुवारीत मी तीन खोबणी भरलेल्या मोजल्या. चौथीत एक मोठा पक्षी उभा होता आणि त्याच्या पायाशी करड्या पिसांचं काहीतरी हलत होतं.